कल्चर निगेटिव्ह, शहर आजारी: मिलवॉकी, एप्रिल १९९३

५ एप्रिल १९९३ च्या सोमवारी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या आरोग्य खात्याने विस्कॉन्सिन राज्याच्या आरोग्य विभागाला कळवलं, की शहरात पोट बिघडलेल्यांची संख्या एकाएकी वाढली आहे. रुग्णालयांतले कर्मचारी, शिक्षक आणि शाळकरी मुलं मोठ्या संख्येने गैरहजर होती. औषधांच्या दुकानांत जुलाबावरच्या गोळ्यांचा खप वाढला होता. आजार नेमका कोणता, याचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं. शौचाचे नमुने प्रयोगशाळांत जात होते, कल्चर (जीवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) लावलं जात होतं, आणि बहुतेक अहवाल ‘रोगजंतू आढळले नाहीत’ असे परत येत होते.

तीव्र जुलाबामागे परजीवी आहे हे ओळखायचं कसं, हे शिकवताना मी दरवर्षी हे प्रकरण काढतो. ते पाण्याच्या साथीचं प्रकरण म्हणून जगभर शिकवलं जातं आणि ते योग्यच आहे. पण मला त्यात त्याआधीचा एक भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जंतू नमुन्यात होता, सूक्ष्मदर्शक टेबलावर होता, तंत्रज्ञ प्रशिक्षित होते. तपासणीच्या अर्जावर मात्र त्या जंतूचं, क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) या परजीवीचं, नाव कुणी लिहिलेलं नव्हतं.

पहिले दिवस

ज्या आजाराला तिकडे लोक ‘पोटाचा फ्लू’ म्हणतात, तोच हा असावा असा पहिला अंदाज होता. हिवाळा सरत आलेला, विषाणूंमुळे होणाऱ्या उलट्या-जुलाबांचा तो हंगामच. त्यामुळे अंदाज चुकीचा असला तरी अवाजवी नव्हता. प्रौढ माणसाला दोन दिवस जुलाब झाले तर डॉक्टर तपासणी मागवतही नाहीत. भरपूर पाणी प्या, विश्रांती घ्या, एवढंच सांगतात. शंभरातल्या नव्वद वेळा ते पुरतंही.

पण मिलवॉकीतल्या रुग्णांचं चित्र नीट पाहिलं तर काही गोष्टी खटकायला हव्या होत्या. पुढे प्रयोगशाळेत निदान पक्कं झालेल्या २८५ रुग्णांची माहिती गोळा झाली. ९३ टक्क्यांना पाण्यासारखे पातळ जुलाब होते, ८४ टक्क्यांना पोटात मुरडा येत होता, ५७ टक्क्यांना ताप होता आणि ४८ टक्क्यांना उलट्या. सर्वांत वाईट दिवशी जुलाबांची मध्यक संख्या १२ होती. आजार मध्यक ९ दिवस टिकला, आणि काहींचा तर ५५ दिवस. तीन चतुर्थांश रुग्णांचं वजन उतरलं, तेही थोडंथोडकं नव्हे, साधारण साडेचार किलो.

हे रुग्ण अर्थातच जास्त आजारी असलेले, म्हणूनच तपासणीपर्यंत पोचलेले होते. घरी बसून बरे झालेल्यांचा आजार पुष्कळ सौम्य होता, त्यांचे जुलाब मध्यक तीनच दिवस टिकले. निदान करणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा. दवाखान्यात दिसणारं चित्र हे नेहमी साथीच्या वरच्या टोकाचं असतं.

आता समोर असा एक रुग्ण आहे असं धरून विचार करू. जुलाब पाण्यासारखे, शौचात रक्त नाही, आव नाही. म्हणजे शिगेला किंवा अमीबाचा आमांश मागे पडतो. आठवडा उलटला तरी जुलाब थांबत नाहीत, एखादा दिवस बरं वाटतं आणि पुन्हा सुरू होतात. नोरोव्हायरस दोन-तीन दिवसांत आटोपतो, त्यामुळे तोही मागे पडतो. जिआर्डिया उरतो. त्यात पोट फुगतं, गुरगुरतं, घाण वासाचे ढेकर येतात, शौच चिकट आणि तेलकट होतं. दिवसाला बारा वेळा पाण्यासारखं जाणं हे त्याचं नेहमीचं वागणं नाही. पाण्यासारखे, भरपूर, आठवड्याहून लांबलेले, वजन उतरवणारे आणि मधूनच परतणारे जुलाब म्हटलं की तीन नावं पुढे यायला हवीत: क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा आणि सिस्टोआयसोस्पोरा. तिघंही आतड्याच्या अस्तराच्या पेशींत वाढणारे परजीवी. आणि नेहमीच्या सलाइन-आयोडीन स्लाइडवर तिघंही सहज निसटतात.

मिलवॉकीत यांतलं क्रिप्टोस्पोरिडियम हे नाव लवकर का सुचलं नाही? हा परजीवी तेव्हा काही नवा नव्हता. अमेरिकन संशोधक टायझर यांनी तो १९०७ मध्ये उंदरांत पाहिला होता. माणसातले पहिले रुग्ण १९७६ मध्ये नोंदले गेले. ऐंशीच्या दशकात एड्स आला, आणि महिनोन्‌महिने जुलाब होऊन खंगत जाणाऱ्या तरुणांच्या शौचात हा जंतू वारंवार सापडू लागला. तिथेच गाडी रुळावरून घसरली असं माझं मत आहे. क्रिप्टो म्हणजे एड्सच्या रुग्णाचा जंतू, असं समीकरण डोक्यात बसलं. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसात तो शोधायचा कशाला, अशी समजूत झाली. खरं तर १९८७ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या कॅरोलटन इथे सुमारे १३,००० धडधाकट लोकांना याच जंतूने पाण्यातून गाठलं होतं, आणि तिथलं पाणीही त्या वेळच्या निकषांत बसत होतं. म्हणजे धडा सहा वर्षं आधीच छापून आला होता. पण प्रयोगशाळांचा तपासणी अर्ज बदलला नव्हता. ‘ओव्हा अँड पॅरासाइट्स’ (अंडी व परजीवी) या चौकोनात खूण केली की क्रिप्टोही तपासला जातो असं डॉक्टर समजत, आणि डॉक्टरांना तो हवा असेल तर वेगळं लिहितील असं प्रयोगशाळा समजत.

स्लाइडवर काय दिसतं

शहरातल्या एका संसर्गरोगतज्ज्ञाने आपल्या रुग्णासाठी ही तपासणी नाव घेऊन मागवली आणि ती पॉझिटिव्ह आली. ७ एप्रिलपर्यंत दोन प्रयोगशाळांनी मिळून सात प्रौढ रुग्णांच्या शौचात क्रिप्टोस्पोरिडियमचे ओसिस्ट (शौचातून बाहेर पडणारी, कवच असलेली अवस्था) पाहिले होते. लाखो आजारी माणसं, आणि उत्तर सात स्लाइडवर. म्हणून ती स्लाइड कशी बनते हे थोडं जवळून पाहू.

ताजा, पातळ नमुना. फॉर्मॉल-ईथर पद्धतीने तो घट्ट करून घेतात. ओसिस्ट इतका बारीक, की सेंट्रिफ्यूज हळू किंवा कमी वेळ फिरवला तर तो तळाशी बसतच नाही आणि वरच्या पाण्याबरोबर फेकला जातो. पूर्ण वेग आणि पूर्ण दहा मिनिटं द्यावी लागतात. घाईत निगेटिव्ह आलेले कितीतरी अहवाल इथेच निगेटिव्ह झालेले असतात. मग तळाच्या गाळाचा पातळ लेप काचेवर पसरवायचा, वाळवायचा, मेथॅनॉलने पक्का करायचा. कार्बोल फुक्सिनचा गडद लाल रंग चढवायचा. नंतर आम्लाने रंग उतरवायचा, आणि कौशल्य इथेच लागतं. क्षयाच्या जंतूसाठी आपण २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल वापरतो. क्रिप्टोचा ओसिस्ट एवढं कडक आम्ल सोसत नाही. त्याला १ टक्का पुरतं, तेही मिनिट-दोन मिनिटंच. शेवटी मिथिलीन ब्लूची पार्श्वभूमी.

तेल लावून १०० च्या भिंगाखाली पाहिलं, की निळ्या शेतात गुलाबी ते गर्द लाल असे गोल दाणे दिसतात. आकार ४ ते ६ मायक्रॉन, म्हणजे तांबड्या रक्तपेशीहून लहान. सगळे सारखे रंगत नाहीत. काही लालभडक असतात, काहींच्या आत गडद कण दिसतात, काही नुसतेच रिकामी फिकट वर्तुळं असतात. ही असमान रंगछटा हीच खरं तर ओळख. नवखा तंत्रज्ञ इथे फसतो तो यीस्टमुळे. यीस्टच्या पेशीही तेवढ्याच आकाराच्या आणि शौचात भरपूर. पण त्या निळ्या रंगतात, अनेकदा अंडाकृती असतात आणि त्यांना कोंब फुटलेले दिसतात. लाल रंगलेला गोल दाणा ८ ते १० मायक्रॉन भरला तर तो सायक्लोस्पोरा, आणि २५-३० मायक्रॉनचा लांबट असेल तर सिस्टोआयसोस्पोरा. म्हणून डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नये. आयपीसमधल्या (डोळ्याजवळच्या भिंगातल्या) मोजपट्टीने मोजावं आणि अहवालात आकडा लिहावा. माझ्या हाताखालच्या मुलांना मी एवढं तरी नक्की करायला लावतो.

या तपासणीला मर्यादाही आहे, आणि ती बऱ्यापैकी मोठी आहे. पातळ शौचात प्रत्येक ग्रॅममागे सुमारे १०,००० ओसिस्ट असतील तेव्हा या पद्धतीने ते खात्रीने दिसतात. शौच घट्ट असेल तर हाच आकडा ५ लाखांवर जातो. ओसिस्ट रोज सारखे बाहेरही पडत नाहीत. तेव्हा एक निगेटिव्ह स्लाइड म्हणजे सुटका नव्हे. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागायचे, आणि तेही जुलाब चालू असताना. चमकणाऱ्या प्रतिपिंडाची तपासणी, अँटिजेनचं किट आणि पीसीआर या तिन्हींची पकड याहून चांगली. पण जिथे त्या नाहीत तिथे या लाल-निळ्या स्लाइडवाचून पर्याय नाही, आणि तिचा खर्च नगण्य आहे.

सात स्लाइड आणि एक निर्णय

७ एप्रिलच्या संध्याकाळी महापौर जॉन नॉरक्विस्ट यांनी पाणी उकळून प्यायची सूचना जाहीर केली. आठ लाखांहून जास्त लोकांवर तिचा परिणाम होणार होता. हॉटेलं, रुग्णालयं, बर्फाचे कारखाने, शाळा, सगळ्यांवर. तोवर पाण्यात जंतू सापडलेला नव्हता. हातात होत्या सात लोकांच्या स्लाइड आणि जलशुद्धीकरण केंद्रातली गढूळपणाची नोंदवही. तेवढ्यावर निर्णय घेणं धाडसाचं होतं आणि माझ्या मते अगदी बरोबर होतं. क्रिप्टोचं नाव आल्याबरोबर पाण्याकडे बोट दाखवायला एक पक्कं कारण होतं: क्लोरीन त्याला मारत नाही. १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीनच्या पाण्यात ई. कोलाय मिनिटभरही टिकत नाही, जिआर्डिया पाऊण तासात संपतो, पण क्रिप्टोचा ओसिस्ट सुमारे दहा दिवस तग धरतो. पाणी मिनिटभर खळखळून उकळलं की मात्र तो मरतो. म्हणून सूचना उकळण्याची होती, क्लोरीन वाढवण्याची नव्हती. जंतूचं नेमकं नाव कळल्याने उपाय बदलतो तो असा.

मिलवॉकीला मिशिगन सरोवराचं पाणी दोन केंद्रांतून मिळतं, उत्तरेला लिनवुड आणि दक्षिणेला हॉवर्ड ॲव्हेन्यू. त्या वसंतात जोराचा पाऊस आणि वितळणारं बर्फ यांनी नद्या फुगल्या होत्या आणि सरोवरात गाळ आला होता. उत्तरेच्या केंद्रात शुद्ध झालेल्या पाण्याचा गढूळपणा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कधीच ०.४५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचं एकक) वर गेला नाही. दक्षिणेत तो २३ मार्चपासून वर चढत गेला आणि २८ व ३० मार्चला १.७ वर पोचला. या केंद्राने काही महिन्यांपूर्वी गाळ खाली बसवण्यासाठी तुरटी सोडून पॉलिअल्युमिनियम क्लोराइड वापरायला सुरुवात केली होती. बदलत्या पाण्यासाठी त्याची मात्रा किती, याचा हात अजून बसला नव्हता. २ एप्रिलला ते पुन्हा तुरटीकडे वळले. गाळणथर धुतलेलं पाणी टाकून न देता पुन्हा केंद्राच्या सुरुवातीला सोडलं जात होतं, म्हणजे अडकलेले ओसिस्ट परत फिरत होते. रसायनाची मात्रा ठरवायला मदत करणारं एक यंत्र होतं, पण ते नीट बसवलेलं नसल्याने वापरात नव्हतं.

तरीही पाणी त्या काळच्या नियमांत बसत होतं. हे वाचून आपल्याकडच्या पाणीपुरवठ्यातल्या लोकांना आश्चर्य वाटतं. नियम महिन्याच्या हिशेबाने होते आणि अधूनमधून चढणाऱ्या गढूळपणाला जागा देत होते. कोलीफॉर्म जंतूंची (पाण्यात मैला मिसळल्याची खूण मानल्या जाणाऱ्या जीवाणूंची) तपासणी निगेटिव्ह होती, कारण ते क्लोरीनने मेले होते. पाणी ‘सुरक्षित’ ठरवणारी तपासणी आणि रुग्ण ‘नॉर्मल’ ठरवणारं कल्चर या दोन्हींची खोट सारखीच होती. दोन्ही जीवाणूच शोधत होत्या.

दक्षिणेचं केंद्र ९ एप्रिलला बंद केलं गेलं. पण साथीच्या दिवसांतलं पाणी केव्हाच नळातून वाहून गेलं होतं. मग पुरावा कुठला? तपास करणाऱ्यांनी बर्फ गाठला. शहराच्या दक्षिण भागात २५ मार्चला आणि ९ एप्रिलला बनवलेल्या बर्फाच्या लाद्या साठवणीत होत्या. त्या वितळवून, गाळून पाहिल्या तेव्हा ओसिस्ट सापडले. साथीच्या दिवसांचं पाणी त्या लाद्यांत जसंच्या तसं जपलं गेलं होतं. रोगशास्त्रातल्या पुराव्यांपैकी मला हा फार आवडतो.

दुसरा पुरावा वृद्धाश्रमांचा. तिथले रहिवासी फारसे बाहेर पडत नाहीत आणि एकाच नळाचं पाणी पितात. दक्षिणेच्या पाण्यावरच्या वृद्धाश्रमांत जुलाबाचं प्रमाण उत्तरेच्या मानाने कितीतरी जास्त निघालं.

आकडा कसा निघाला

४ लाख ३ हजार. मिलवॉकीच्या नावापुढे हा आकडा कायम लिहिला जातो, आणि तो स्लाइड मोजून आलेला नाही हे पुष्कळांना ठाऊक नसतं. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ६१३ घरांना फोन केले. त्या घरांतल्या १,६६२ माणसांपैकी ४३६ जणांना, म्हणजे २६ टक्क्यांना, त्या काळात पाण्यासारखे जुलाब झाले होते. मिलवॉकी परिसराची लोकसंख्या सुमारे १६ लाख १० हजार. एरवीही महिन्याला अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना जुलाब होतातच, ते वजा केले. उरले ते ४ लाख ३ हजार. दक्षिणेच्या पाण्यावरच्या भागात तर निम्म्याहून जास्त लोक आजारी होते.

प्रयोगशाळेत निदान झालेले काही शेकडा, आणि खरे रुग्ण चार लाख. आपल्या अहवालांच्या रजिस्टरवरून गावातल्या आजाराचा अंदाज बांधणाऱ्याने हा फरक कधी विसरू नये. उकळण्याची सूचना निघाल्यानंतर डॉक्टर क्रिप्टोची तपासणी धडाधड मागवू लागले, तेव्हा साधारण दर तीन नमुन्यांतला एक पॉझिटिव्ह निघत होता. जंतू आदल्या आठवड्यातही तितकाच होता.

साथीनंतरच्या सुमारे दोन वर्षांत क्रिप्टोस्पोरिडियमशी जोडलेले ५४ मृत्यू नोंदले गेले. एरवीच्या हिशेबाने चारेक अपेक्षित होते. त्या ५४ पैकी ८५ टक्के लोकांना एड्स होता. निरोगी माणसाचा आजार आपोआप थांबतो. ज्यांच्या रक्तात प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी उरलेल्या नव्हत्या, त्यांचा थांबला नाही. तेव्हा एचआयव्हीवर आजच्यासारखी प्रभावी औषधं नव्हती आणि क्रिप्टोवर तर कुठलंच खात्रीचं औषध नव्हतं. सलाइन, क्षार, पोषण, एवढंच हाती होतं. नायटाझोक्सानाइडला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २००२ मध्ये. तेही प्रतिकारशक्ती असलेल्या रुग्णालाच उपयोगी पडतं. एचआयव्हीच्या रुग्णात खरा उपचार म्हणजे एआरटीने (एचआयव्हीवरच्या औषधांनी) प्रतिकारशक्ती परत आणणं. या लोकांना आठवडाभर आधी कुणी ‘पाणी उकळून प्या’ सांगितलं असतं तर, हा विचार हे प्रकरण वाचताना माझ्या मनातून जात नाही. वेळेवर निदान झालं तर बाधित रुग्णाला थोडाफार फायदा होतो. खरा फायदा होतो तो ज्यांनी ते पाणी अजून प्यायलेलं नाही त्यांना.

साथीची किंमत पुढे काढली गेली ती ९ कोटी ६२ लाख डॉलर, आणि त्यातला मोठा वाटा औषधपाण्याचा नसून बुडालेल्या कामाचा होता. शहराने नंतर ओझोन प्रक्रिया बसवली, पाणी उचलण्याचं तोंड सरोवरात आणखी आत नेलं, आणि गढूळपणाचे राष्ट्रीय नियम कडक झाले. याबद्दल इतर ठिकाणी भरपूर लिहिलेलं सापडेल.

आपल्या प्रयोगशाळेत

आपल्याकडे हा जंतू दुर्मीळ आहे असं समजण्याचं काही कारण नाही. आफ्रिका आणि आशियातल्या सात ठिकाणी लहान मुलांच्या जुलाबाचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात कोलकाताही होतं. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बारा महिन्यांखालच्या बाळांत मध्यम ते तीव्र जुलाबाच्या कारणांत रोटाव्हायरसनंतर क्रिप्टोस्पोरिडियमचा क्रमांक लागला. रोटाव्हायरसची लस आता आपल्या लसीकरण कार्यक्रमात आहे. क्रिप्टोवर लस नाही.

तरी आपल्या शौच तपासणीच्या अहवालात तो जवळजवळ कधीच दिसत नाही. दिसतो तो अमीबा. ‘ई. हिस्टोलिटिका सिस्ट आढळले’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज लिहिलं जातं. निरुपद्रवी ई. डिस्पार या दुसऱ्या अमीबाचे सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसेच दिसतात. हलणाऱ्या अमीबाच्या पोटात रुग्णाच्या तांबड्या पेशी दिसल्या तरच हिस्टोलिटिका म्हणायला आधार आहे, नाहीतर अँटिजेन किंवा पीसीआर हवं. पण सिस्ट दिसले की मेट्रोनिडाझोल हे अमीबावरचं औषध सुरू होतं, किंवा तपासणीआधीच ओफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी दिली जाते. क्रिप्टोवर मेट्रोनिडाझोल आणि त्याची भावंडं चालत नाहीत. बाळाचे जुलाब मग आठवड्याने आपले आपण थांबतात आणि श्रेय गोळीला जातं. थांबले नाहीत तर गोळी बदलली जाते. शौचाचा पुढचा नमुना कुणी मागत नाही.

साधनांची अडचण आहे असंही म्हणता येत नाही. क्षयरोग कार्यक्रमामुळे महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणीही झील-नील्सनचा, म्हणजे वर सांगितलेल्या लाल-निळ्या ॲसिड-फास्ट रंगाचा, संच आहे, आणि तो रंगवणारा सराईत माणूस आहे. त्याच कार्बोल फुक्सिनच्या बाटलीशेजारी १ टक्का आम्लाची एक छोटी बाटली ठेवायची आहे. जिथे एलईडीचा फ्लोरोसेन्स सूक्ष्मदर्शक आहे तिथे ऑरामिन या चमकणाऱ्या रंगानेही हे ओसिस्ट दिसतात, आणि छाननी पटकन होते.

ही स्लाइड सगळ्यांची करा असं मी म्हणणार नाही. रोजच्या दोन दिवसांच्या जुलाबाला कुठलीच तपासणी लागत नाही, ओआरएस लागतं, आणि बाळाला सोबत झिंक. पण दोन वर्षांखालचं बाळ ज्याचे जुलाब आठवड्यावर गेलेत, कुपोषित मूल, एचआयव्हीबाधित, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला, केमोथेरपी चालू असलेला, गुरांच्या वासरांशी रोज संबंध येणारा, आणि एकाच वस्तीतून किंवा वसतिगृहातून एकदम आलेले पाचदहा जण: यांच्या अर्जावर ‘स्टूल रुटीन’ एवढंच लिहून भागत नाही. ‘पाण्यासारखे जुलाब, ९ दिवस, रक्त नाही, ॲसिड-फास्ट स्टेन करावा, क्रिप्टो व सायक्लोस्पोरा पाहावा’ असं लिहावं. हे एक वाक्य वाचून तंत्रज्ञ वेगळी बाटली उचलतो. आणि तंत्रज्ञानेही ‘काही आढळले नाही’ लिहिताना कोणत्या पद्धतीने पाहिलं ते खाली लिहावं, म्हणजे काय पाहिलं गेलं नाही हे डॉक्टरला कळेल.

जंतू आला कुठून

विस्कॉन्सिन हे दुधाचं राज्य. त्यामुळे पहिला संशय गुरांच्या शेणावर आणि कत्तलखान्यांच्या सांडपाण्यावर गेला. वासरांत हा परजीवी सर्रास असतो, त्यामुळे संशयाला आधार होता. सूक्ष्मदर्शक इथे मदत करू शकत नाही. माणसाचा आणि वासराचा ओसिस्ट त्याला सारखेच. काही वर्षांनी जनुकीय पद्धती आल्या, तेव्हा मिलवॉकीच्या रुग्णांचे जपून ठेवलेले थोडे नमुने तपासले गेले, आणि त्यांत सापडली ती मुख्यतः माणसात वाढणारी जात, जिला आता क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस म्हणतात. म्हणजे बोट माणसाच्या मैलापाण्याकडे गेलं. पण चार लाखांच्या साथीतून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच नमुने तपासायला उरले होते, त्यामुळे गुरांचा वाटा मुळीच नव्हता असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

म्हणून वस्तीत साथ असल्याची शंका आली की मी पहिल्याच दिवशी काही नमुने बाजूला ठेवायला सांगतो. फॉर्मॅलिनमध्ये घातलेला नमुना स्लाइडला चांगला, पण त्यातला डीएनए पुढे नीट वाचता येत नाही. तेव्हा प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करायचे. एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा तसाच गोठवून किंवा अडीच टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, ४ अंशांच्या फ्रिजमध्ये. बाटलीवर तारीख, वय आणि घरचं पाणी कुठलं, नळाचं, विहिरीचं की टँकरचं, हे पेन्सिलने लिहायचं. बॉलपेनची शाई फ्रिजच्या दमटपणात पसरते.